हातावर ठेवलेला गरम प्लग

टू-स्ट्रोक मोटारसायकलचा प्लग काढून हातात घेतला की गाडी कशी आहे हे कळतंच, मालक कसा आहे हेही कळतं. प्लगचं टोक काळंकुट्ट आणि तेलकट असेल तर मालक गावातल्या गावात दुसऱ्या गिअरवर फिरणारा, आणि ऑइल ओतताना हात सैल सोडणारा. टोक बिस्किटासारखं तांबूस असेल तर गाडीचं आणि मालकाचं, दोघांचंही पोट ठिकाणावर आहे. पांढरंफटक असेल तर इंजिन आतून भाजून निघतंय आणि मालकाला त्याचा पत्ता नाही. लातुरात सगळं आयुष्य मी हेच बघत बसलो. हल्लीच्या गाड्या टू-स्ट्रोक नाहीत, प्लग बघायला कुणी येत नाही, त्यामुळं आता लिहायला सवड आहे.

ह्या अंकाच्या संपादकांनी 'मिस्त्रीकामातले अनुभव लिहा' असा निरोप पाठवला, तेव्हा बायको म्हणाली, "लिहाच तुम्ही. बोलता तेव्हा सगळी गल्ली ऐकते." मला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मी मोठ्यानं बोलतो. आमच्या धंद्यातल्या माणसांचं हे असंच होतं. सायलेन्सरची जाळी काढलेल्या गाड्यांपाशी जन्म घालवल्यावर कान आपला हिशेब चुकता करून घेतात. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. ज्यांच्यापाशी शिकलो त्यांचेही कान असेच गेले, आणि ही गोष्ट त्यांचीच आहे.

माझं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. घरी शेती, वडील विभूती लावल्याशिवाय पाणी न पिणारे. बैलांत माझं मन कधी रमलं नाही. विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं की मात्र मी जेवायचं विसरून त्याच्यापाशी बसायचो. शेवटी वडिलांनी मला नांदेडला नेलं आणि महेबूब उस्तादांच्या गॅरेजात उभं केलं. "ह्याला कायतरी शिकवा, न्हाईतर हा इंजिन खोलून खोलून माझी विहीर बुजवील," असं त्यांनी सांगितलं. उस्ताद म्हणाले, "रहने दो अप्पा, खोलना आता है ना? जोडना मैं सिखाता." त्या दिवसापासून मी त्यांचा शागीर्द झालो. उस्तादांच्या घरून माझ्यासाठी वेगळ्या डब्यात डाळ-भाकरी यायची. त्यावर कधी चर्चा झाली नाही.

पहिलं वर्षभर त्यांनी मला फक्त प्लग काढायला लावले. काम साधं होतं. गाडी फिरून आली की लगेच प्लग खोलायचा, फडक्यात धरायचा आणि गरम असतानाच उस्तादांच्या तळहातावर ठेवायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. "काळा झालाय" किंवा "पांढरा दिसतोय" असं कुणी बोललं की उस्ताद तो प्लग तसाच खाली ठेवून द्यायचे. बघणाऱ्याला आधी सांगितलं की तो बघत नाही, ऐकलेलंच बघतो, असं त्यांचं मत होतं. प्लग उन्हात फिरवून ते "हौ" किंवा "नक्को" म्हणायचे. हौ म्हणजे गाडी सोडा, नक्को म्हणजे पुन्हा खोला.

दुसरं त्यांचं शास्त्र ऐकण्याचं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची. ते ऐकत असताना गॅरेजात कुणी बोलायचं नाही, गिऱ्हाईकानंसुद्धा नाही. एकदा एक बडा कंत्राटदार मध्येच बोलला, तर उस्तादांनी इंजिन बंद करून त्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसले. त्यानंतर त्या कंत्राटदारानं त्यांच्या गॅरेजात कधी तोंड उघडलं नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी उस्तादांची परवानगी घेऊन लातूरला आलो आणि पत्र्याचं शेड टाकलं. निघताना त्यांनी मला स्वतःचा प्लग-पाना दिला. आमच्यात शागीर्द बाहेर पडताना उस्ताद एक हत्यार देतो, आणि कोणतं देतो त्यावरून त्यानं तुम्हाला काय ओळखलं ते समजतं. कुणाला हातोडी मिळते, ती घेऊन माणूस गप्प घरी जातो. मला पाना मिळाला, म्हणून मी लातूरपर्यंत एस.टी.त छाती काढून बसलो होतो.

नव्या जिल्ह्याचा आम्हा मिस्त्री लोकांना मोठा फायदा झाला. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे साहेब आले, साहेबांमागे जिपा आल्या. प्रत्येक ड्रायव्हरला आपली जीप दुसऱ्या खात्याच्या जिपेपुढं जावी असं वाटायचं. एक ड्रायव्हर मला म्हणाला, "मिस्त्री, पळायचं ऱ्हाऊ द्या, नुसता आवाज पळल्यावानी करून द्या. सायबाला झोप लागली नाही पाहिजे. ते झोपले की माझ्या खांद्यावर पडतात." मी सायलेन्सरला दोन भोकं पाडून दिली. साहेबांची झोप उडाली, पण ड्रायव्हरची बदली झाली.

त्याच वर्षांत पावसानं पाठ फिरवली. एकदा नाही, लागोपाठ. विहिरींनी तळ दाखवले, गावोगावी बोअरच्या गाड्या फिरू लागल्या, आणि पेट्रोलही सरळ मिळेना. पेट्रोलात रॉकेल मिसळलेले डबे रस्त्याकडेला विकायला असायचे. रॉकेल मिसळलं की गाडी चालते, पण जोर दिला की आत भलत्याच वेळी भडका उडतो आणि पिस्टनच्या डोक्यावर ठोके बसतात. सावकाश चालणाऱ्याला फरक पडत नाही. जोरात चालवणाऱ्याचा पिस्टन मात्र वितळून त्याला भोक पडतं, किंवा तो सिलिंडरात धरून बसतो, आणि पळत्या गाडीचं मागचं चाक जागीच अडकतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुष्काळात लोकांना शर्यती कशा सुचतात, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. सुचतात. बाजार थंड, शेतं रिकामी, अंगात ताकद आहे आणि तिला काम नाही, असं झालं की तरण्या पोरांना काहीतरी सुचतंच. आमच्याकडे ते वीरभद्रला सुचलं. वीरभद्र म्हणजे वीरू, लातुरातल्या गंजगोलाई बाजाराजवळच्या एका आडत्याचा थोरला मुलगा. वडिलांच्या दुकानात माल येत नव्हता, त्यामुळं तो दिवसभर माझ्या शेडमध्ये असायचा. एक दिवस आपल्या मोटारसायकलवर हात ठेवून म्हणाला, "मन्मथप्पा, ह्या गाडीत कंपनीनं जेवढी ताकद घातलीय तेवढीच असते का?" मी म्हटलं, "असते जास्त. कंपनी दाबून ठेवते." तो म्हणाला, "मग काढ बाहेर."

ती कशी काढायची हे बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या वरच्या टोपणाला आम्ही हेड म्हणतो. ते लेथवर थोडं घासलं की आतली जागा कमी होते आणि पेट्रोलचा भडका जास्त दाबात उडतो. सिलिंडरला हवा आत यायला आणि धूर बाहेर जायला खिडक्या असतात. त्या कानशीनं रुंद केल्या की इंजिन मोकळा श्वास घेतं. सायलेन्सरची जाळी काढायची. मागच्या चाकाचं स्पॉकेट, म्हणजे साखळीची दातेरी चकती, बदलून जास्त दातांचं टाकलं की गाडी जागेवरून झेप घेते, कमी दातांचं टाकलं की उशिरा तापते पण लांब पळते. मडगार्ड, दिवा, आरसे, मागचं सीट, जे जे काढता येईल ते काढायचं. शेवटी गाडी सोललेल्या कणसासारखी दिसायची. वीरूच्या वडिलांनी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा ते म्हणाले, "बाकीची कुठं हाय?"

पळवायला जागा मात्र हवी होती. ती आम्हाला दुष्काळानंच दिली. चाकूरच्या अलीकडे रोजगार हमीवर एक रस्ता चालू होता. खडी दाबून वर मुरूम पसरलेला, डांबर अजून पडलेलं नाही, वाहतूक नाही. एका रेषेत सरळ, आणि शेवटी एका नाल्यापाशी संपलेला, कारण पूल व्हायचा होता. नाल्याच्या पुष्कळ अलीकडे आम्ही एक लाल लुगडं काठीला बांधून ठेवायचो. लुगडं आलं की ब्रेक. ज्याला लुगडं दिसणार नाही तो नाल्यात.

तिथल्या बायकांच्या टोळीची मुकादम सोजरबाई होती. ऐन पन्नाशीची, काळी कणखर बाई, तिच्यापुढं इंजिनिअरही आवाज खाली ठेवायचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं गाड्या अडवल्या.

"रस्ता आमी केलाय. तुमी कामून नासवायला आलात?"

वीरू म्हणाला, "मावशी, एक डाव पळवून बघतो. काय पाहिजे ते सांगा."

"पाणी आणा," ती म्हणाली. "टँकर येतोय तवा येतोय. बायांची तोंडं वाळून राहिलीत. गाडीमागं एक पिंप पाणी आणा, मग पळा नाहीतर मरा."

तेव्हापासून तो नियमच झाला. बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं, तेव्हा शर्यत. प्रत्येक गाडीमागं एक पिंप पाणी, आणि हरणाऱ्यानं पुढच्या आठवड्यात आणखी दोन पिंपं आणून द्यायची. पैशाची पैज कुणी लावायची नाही, हाही सोजरबाईचाच नियम. पाणी उतरवून घ्यायला ती त्या दिवशीही यायची, आणि शर्यत सुरूही तीच करायची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, ती डोक्यावरचं रिकामं घमेलं उचलून दगडावर आपटायची, आणि त्या आवाजाला सुटायचं. उदगीर, निलंगा, अहमदपूर, कुठून कुठून पोरं पिंपं घेऊन यायला लागली. त्या उन्हाळ्यात त्या टोळीला पाणी कमी पडलं नाही. आम्ही दुसरं काही चांगलं काम केलं असं मी म्हणत नाही. कुणाच्या डोक्यावर टोपीसुद्धा नसायची, निलंग्याच्या एका पोराचा पाय मोडला तो कायमचा आखूड राहिला, आणि आज माझी नातवंडं असं काही करतील तर मी त्यांच्या गाड्यांची हवा सोडून देईन. पण तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट आठवडाभर आम्ही त्या एका दिवसाची वाट बघायचो.

वीरूची गाडी सगळ्यांना हरवत सुटली. नाव त्याचं झालं आणि माझंही झालं. एके दिवशी नांदेडहून सलीम आला. सलीम उस्तादांचा भाचा, माझ्यानंतर त्यांच्या हाताखाली आलेला, गाडी चालवण्यात पटाईत. चहा झाला तरी तो मुद्द्यावर येईना. मग म्हणाला, "भाई, मामू की गाडी लेके आता मैं. तुम्हारे रोड पे."

मी म्हटलं, "ये की. उस्तादांची गाडी म्हणजे आम्हाला दिवाळी."

"दिवाळी नक्को बोलो." त्यानं मान खाली घातली. त्याच्याकडून जे कळलं ते असं. वर्षभरात उस्तादांनी बनवलेल्या दोन गाड्यांचे पिस्टन फुटले. नांदेडात लोक म्हणू लागले, उस्तादांचा हात गेला. गिऱ्हाईक समोरच्या नव्या गॅरेजात जायला लागलं. उस्तादांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं की ते एक गाडी स्वतःच्या हातानं बनवून लातूरला पाठवतील. ती पळाली तर ठीक. तिनं दगा दिला तर शटर ओढून घरी बसतील आणि पुन्हा पाना हातात धरणार नाहीत.

"मामू जिद के पक्के हैं, तुमकू मालूम," सलीम म्हणाला. मला मालूम होतं. माणसाचा धंदा बंद पडणं वेगळं, पण उस्तादांनी पाना खाली ठेवणं मला डोळ्यांपुढं आणवेना. इकडे लातुरात आमच्या पोरांना चेव आला. गुरूची विद्या गुरूला, म्हणून मला चिडवणं सुरू झालं. माझी अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी. वीरूची गाडी मुद्दाम खराब करणं शक्य नव्हतं. उस्तादांना ते कळलं असतं तर त्यांनी दिलेला पाना परत मागितला असता. मी वीरूची गाडी नेहमीपेक्षा जास्त जीव लावून तयार केली.

बाजाराच्या दिवशी उस्ताद टेंपोतून आले. पांढरा पायजमा, डोक्यावर जाळीची टोपी, जाड भिंगाचा चष्मा. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला. "क्या रे मनमत, मोटा हो गया," एवढंच म्हणाले. गाडी बघितली आणि मला बरं वाटलं. हात कुठं गेला होता? एकेक नट जिथल्या तिथं, खिडक्या अशा घासलेल्या की आत बोट फिरवलं तर लोण्यावर फिरावं. कमी दातांचं स्पॉकेट टाकलेलं, म्हणजे सुरुवातीला मागं राहून शेवटाला गाठणारी गाडी. असली हिंमत आमच्यातल्या कुणी केली नसती.

शर्यतीआधी दोन्ही गाड्या एकेकदा मोकळ्या पळवून आणायच्या असा रिवाज होता. वीरू जाऊन आला. मग सलीम सुटला. उस्ताद माझ्या शेजारी उभे होते. गाडी लुगड्यापर्यंत जाऊन वळली आणि पूर्ण जोरात आमच्या समोरून गेली. त्या मोठ्या आवाजाच्या आत मला एक बारीक आवाज आला. पत्र्यावर मूठभर ज्वारी सांडावी तसा, टिण टिण टिण. पिस्टनच्या डोक्यावर ठोके बसत होते.

मी उस्तादांकडे बघितलं. ते हसत होते. "क्या आवाज है," ते मला म्हणाले.

मला तेव्हा सगळं समजलं. हात गेला नव्हता, कान गेला होता. तोही सगळा नाही. मोठे आवाज त्यांना येत होते, बोलणं ऐकू येत होतं, फक्त हा बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. आधीच्या दोन गाड्याही तशाच गेल्या असणार. त्यांना हे ठाऊक नव्हतं. न ऐकू आलेला आवाज नाही ऐकू आला, हे माणसाला कळणार कसं?

आता गाडी अशीच शर्यतीत सोडली तर निम्म्या रस्त्यात पिस्टन धरणार, मागचं चाक अडकणार आणि सलीम खडीवर घासत जाणार. उस्तादांचं शटर त्याच संध्याकाळी पडणार. आणि मी मोठ्यानं सांगावं, तर नांदेडची टेंपोभर पोरं ऐकत उभी होती. शागिर्दानं चारचौघांत उस्तादाला 'तुम्हाला ऐकू येत नाही' म्हणायचं? उस्ताद त्याच पावली परत गेले असते.

सलीम गाडी बंद करून उतरला. मी खिशातला पाना काढला, गाडीपाशी बसलो आणि प्लगची टोपी ओढली. सलीमनं माझं मनगट धरलं.

"भाई, हाथ नक्को लगाव. गाडी हमारी है."

मागून वीरू ओरडला, "मन्मथप्पा, तू काय करून राहिलास? उद्या हेच म्हणतील, लातूरवाल्यानं गाडी बिघडवली."

दोघांचंही खरं होतं. समोरच्याच्या गाडीला हात लावायचा नाही, हे आमच्यात पोरासोरांनाही माहीत. हात लावल्यावर गाडी हरली असती तर मला जन्मभर नांदेडात पाऊल टाकता आलं नसतं. मी पाना हातातून सोडला नाही. उस्तादांकडे बघत राहिलो.

उस्ताद पुढं आले. "छोड उसकू," ते सलीमला म्हणाले. "एक साल इसने मेरे हाथ पे प्लगच रखे हैं."

मी प्लग खोलला, फडक्यात धरला आणि पूर्वी ठेवायचो तसा त्यांच्या तळहातावर ठेवला. तोंडातून शब्द काढला नाही. उस्तादांनी चष्मा पुसला, प्लग उन्हात धरला आणि हळूहळू फिरवला. टोक चुन्यासारखं पांढरं होतं, आणि त्यावर बारीक चकचकीत कण चिकटले होते. ते कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. त्यांनी प्लग पुष्कळ वेळ बघितला. पोरं कुजबुजायला लागली.

मग त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून वास घेतला. "तेल किधर से डाला?"

सलीम म्हणाला, "अहमदपूर में पंप बंद था मामू. रस्ते पे डब्बा था."

उस्तादांनी मान हलवली. गाडी टेंपोतून उतरल्यावर सलीमनं ते डब्यातलं पेट्रोल टाकीत घातलं होतं आणि उस्तादांना ते माहीत नव्हतं. ते पुन्हा प्लगकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, "तू सुना?"

मी मान डोलावली.

"साफ सुना?"

"हाव, उस्ताद."

त्यांचा चेहरा पडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो पडला नाही. बाह्या सरसावून ते गाडीपाशी बसले.

नंतरचं त्यांनी सगळं स्वतः केलं. टाकीतलं भेसळीचं पेट्रोल जमिनीवर ओतून दिलं. प्लगची ठिणगी कधी पडावी हे ठरवणारी प्लेट आत असते, ती सैल करून नखभर मागं फिरवली आणि घट्ट केली. नवा प्लग लावला. नवं पेट्रोल कुठून आणायचं? आमच्याकडे लातूरहून आणलेला डबा होता. मी तो उचलला तसा वीरू आडवा आला.

"आता आपलं पेट्रोलबी देणार का? आपणच ढकलत नेऊ की त्यांची गाडी."

मी म्हटलं, "वीरू, तुला रॉकेलवाल्याला हरवायचंय का उस्तादांच्या गाडीला?"

तो बाजूला झाला, पण त्या दिवशी पुन्हा माझ्याशी बोलला नाही.

सोजरबाईनं घमेलं आपटलं. वीरूनं झेप घेतली, सुरुवातीलाच दोन गाड्यांचं अंतर पाडलं. निम्म्या रस्त्यापर्यंत आमची पोरं नाचत होती. मग उस्तादांची गाडी तापली. मी लुगड्यापाशी उभा राहून डोळे मिटून फक्त ऐकत होतो, आणि आतली ज्वारी थांबली होती. डोळे उघडले तेव्हा दोन्ही गाड्या लुगड्यापाशी शेजारी शेजारी होत्या, आणि नांदेडचं पुढचं चाक हातभर पुढं होतं.

टेंपोत चढण्याआधी उस्तादांनी तो पांढरा प्लग माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. शाबासकी दिली नाही, आभारही मानले नाहीत. "चलता," म्हणाले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात मी पाण्याची दोन पिंपं घेऊन एकटाच रस्त्यावर गेलो. सोजरबाईनं पाणी ओतून घेतलं आणि विचारलं, "त्या म्हाताऱ्याच्या हातावर काय ठिवलंस रं तू?"

"प्लग, मावशी."

"त्येनं त्याची गाडी सुधारली?"

"हाव."

"म्हंजी हे पाणी तुझ्याच हातानं तुझ्या गळ्यात आलं," ती म्हणाली आणि हसली. "ऱ्हाऊ दे. बायांनी पेलं, कुटं वाया गेलं न्हाई."

लातुरात मात्र मला कुणी हसून सोडलं नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं म्हणायचे. उस्ताद तो उस्ताद, शागीर्द तो शागीर्द, हेही ऐकलं. वीरूनं गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. पळवणारी पोरं त्याच्यामागं गेली, आणि माझ्याकडे पुन्हा काळ्या प्लगवाले, दुसऱ्या गिअरवाले उरले. प्लगचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, जुनी सवय, हात आपोआप गेला. नांदेडहून काही निरोप नव्हता. उस्तादांना माझा राग आला असेल असं मी धरून चाललो होतो. त्यांना स्वतःला न कळलेलं उणं मी त्यांना दाखवलं होतं, आणि तेही शर्यतीच्या रस्त्यावर.

पाऊस पडला, रस्त्यावर डांबर आलं, शर्यती बंद झाल्या. त्यानंतर एका दुपारी शेडपुढं टेंपो थांबला. सलीमनं उस्तादांची तीच गाडी खाली उतरवली. आता तिला मडगार्ड, दिवा, सीट सगळं परत बसवलेलं होतं.

मी विचारलं, "काय झालं गाडीला?"

"मेरेकू नई मालूम. मामू बोले, लेके जाव."

"उस्ताद बरे आहेत?"

"एकदम. दुकान फुल चल रा." मग तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "भाई, एक बात बोलूँ? अब मामू हर गाडी बनाके मेरेकू बोलते, चला के आ, प्लग हाथ पे रख. और गिऱ्हाईक कुछ पूछा तो सबके सामने बोलते, गाडी मैं बनाता, मेरा कान लातूर में रहता."

जी गोष्ट झाकायला मी इतके महिने लोकांचं बोलणं खाल्लं होतं, ती हा माणूस नांदेडच्या भर रस्त्यावर, समोरच्या गॅरेजवाल्यांना ऐकू जाईल अशी सांगत होता.

मी गाडीला किक मारली. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. शेडमधली माणसं आपोआप गप्प झाली. मी सावकाश ऐकलं, जोर देऊन ऐकलं, पुन्हा सावकाश ऐकलं. गाडीत काडीचाही दोष नव्हता.

मी इंजिन बंद केलं. सलीम उठला.

"तो मामू कू क्या बोलूँ?"

मी म्हटलं, "सांग, ऐकलं."